बेचाळीस पौंड, अठ्ठावीस इंचावर

४ फेब्रुवारी, मंगळवार

केस विंचरता येत नाहीत. म्हणजे डाव्या हातानं येतात, पण मग ते दुसऱ्याच कुठल्या बाईचे वाटतात. उजवा हात कानाच्या वर गेला की खांद्यात आत काहीतरी अडकतं आणि डोळ्यांत पाणी येतं. आपोआप. रडू नाही ते.

नवरा म्हणाला, "धनुष्य ओढता येतं आणि केस विंचरता येत नाहीत? हे कुठलं दुखणं!" म्हटलं, विंचरायला हात वर न्यावा लागतो, ओढायला मागे. "मग मागून विंचर." सत्तावीस वर्षं झाली, याच्या विनोदांत काडीची सुधारणा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर. छत्तीस बाण मारायचे होते, एकवीसवर थांबले. कुणाला सांगितलं नाही. दोरीला मेण लावायचंय असं पुटपुटत बाकावर जाऊन बसले.

आणखी एक. पूर्वी बाणाचं टोक काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला ठेवलं की बाण मधोमध जायचा. आता टोक पार पेंढ्याच्या गठ्ठ्याच्या वर धरावं लागतं. साठ पावलांवर बाण दमतो. मी बावन्न. वय झालं, दुसरं काय!

लंबू जवळच्या रेघेवर होती. तीस पावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. असं पाहणं-न पाहणं दहा महिने चाललंय. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. ती कायम शेवटच्या बाकावर, कारण तिच्यामागे बसलेल्याला फळा दिसायचा नाही — आणि तिच्यासोबत मी, कारण मला फळा बघायचाच नसायचा.

गेल्या एप्रिलमध्ये तिला लांबच्या रेघेवरून मीच उतरवलं. लांबच्या रेघेला धनुष्य किमान चाळीस पौंडांचं हवं. ओढ अठ्ठावीस इंचांवर मोजायची. तिचं भरलं साडेअडतीस. ती म्हणाली, "अगं पण मी तीस इंच ओढते. माझे हात बघ. माझ्या हातात त्याचे बेचाळीस-त्रेचाळीस होतात." खरंच होतात. इंचामागे दोन-अडीच पौंड वाढतात हे मलाही कळतं. पण नियम अठ्ठावीसचा आहे, हातांचा नाही. मी आकडा वाचला, वहीत लिहिला गेला, संपलं.

त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. हे लिहायची गरज नव्हती खरं तर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस. वजनमापं खातं म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. आज सतरा दुकानं. एका किराणावाल्याच्या दोन किलोच्या वजनाला खालून भोक पाडून शिसं काढलेलं. तो म्हणाला, "मॅडम, हे वजन माझ्या वडिलांच्या वेळचं आहे हो. ते खोटं कसं असेल?" म्हटलं, वजन कुणाचं हे आम्ही विचारत नाही. जप्त केलं.

(पौंडात मोजलेलं काही ऑफिसात दिसलं तर मला तेही जप्त करावं लागेल. रविवारी मात्र मी पौंडांतच बोलते. बाबांनी तेच शिकवलं.)

पिशवी डाव्या खांद्याला. उजव्याला नकोच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी फिजिओकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. हात इकडे फिरव, तिकडे फिरव, दाबलं तर दुखतं का, आता दुखतं का. दुखतं म्हणून तर आले बाई! विचारलं, काय करता? म्हटलं, धनुष्य ओढते. तिनं पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी घेऊन या. ओढताना बघायचंय."

२२ फेब्रुवारी, शनिवार

धनुष्य घेऊन गेले. वेटिंगमधला एक आजोबा खुर्ची सरकवून बसला.

तिच्यासमोर चारदा ओढलं. ती माझ्या मागे उभी. बोलायला लागली ती थांबेच ना. खांदा कानाकडे चढतो. कोपर खाली पडतं. सगळं दंडानं ओढताय, खांद्यामागची दोन हाडं जवळ यायला हवीत ती जागची हलत नाहीत. "पाठ झोपलीय तुमची." म्हणे कधीतरी फार जड धनुष्यावर शिकलेली माणसं असंच ओढतात, वजन पेलायला शरीर काहीतरी लबाडी शोधतं, मग धनुष्य कुठलंही असो, लबाडी राहते.

पहिलं धनुष्य पन्नासचं होतं. सोळाव्या वर्षी. बाबांचंच. हे तिला सांगितलं नाही.

मग तिनं टेप लावली. मी सव्वीसच इंच ओढते! दुखतं म्हणून हात गालापर्यंत जायच्या आधीच सोडते. मला पत्ताही नाही.

"किती वजनाचं आहे?" मुठीच्या वर बाबांच्या हातची शाई आहे, ती दाखवली — ४२, २८ इंचावर. तिनं स्वतः ओढून पाहिलं. सहज ओढलं. "बेचाळीस? मला इतकं वाटलं नाही." व्यायामशाळेत डंबेल उचलणारी पोर, तिला काय कळणार धनुष्यातलं.

तिचं म्हणणं — सहा महिने पंचवीसच्या वर जायचं नाही. फोटो काढून घ्यायचा खांद्याचा, एमआरआय.

पंचवीस म्हणजे जवळची रेघ.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे पानावर तरी स्पष्ट लिहावं. लांबची रेघ बाबांनी आखली. ते आणि त्यांचे तीन मित्र, पन्नास वर्षांपूर्वी, चुन्याच्या पुडीनं. चाळीसचा नियमही त्यांचाच, कारण त्याहून हलक्या धनुष्याचा बाण तेव्हा साठ पावलांवरच्या गठ्ठ्यात रुतायचा नाही, आपटून पडायचा. चौघांतले तीन गेले. बाबांनी डोळ्यांमुळे मैदान सोडलं. त्या रेघेवर आता त्यांचं म्हणून जे काही उभं आहे ती मी.

मला ती रेघ सोडायची नाही. बस. यात तत्त्व वगैरे काही नाही. सोडायची नाही.

१ मार्च, शनिवार

दरवर्षीप्रमाणे धनुष्य बाबांकडे तेलपाण्याला दिलं. आठवडाभर ठेवतात. त्यांचा एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, दुसऱ्याची तारीख पुढे पुढे जातेय. वर्तमानपत्र भिंगानं वाचतात, तेही मथळे. पण लाकूड अजून बोटांनी वाचतात. पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खांदा कसा आहे?"

"कुणी सांगितलं?"

"तू दार डाव्या हातानं उघडलंस."

म्हटलं, बरा आहे. "बरा आहे तर बरंच आहे," म्हणाले. मग उगाच चष्मा पुसत बसले.

९ मार्च, रविवार

धनुष्य आणायला गेले. खोलीत जवसाच्या तेलाचा वास, खाली लाकडाचा बारीक किस. टेबलापाशी चहाचे दोन कप. कोण आलं होतं? "शेजारचा." शेजारचा गावाला गेलाय असं गेल्या आठवड्यात यांनीच सांगितलं होतं. असेल परत आला.

दुसरी गोष्ट — भिंतीवरचा ताणकाटा, धनुष्याची ओढ मोजायचा, वरच्या खिळ्याला टांगलेला! बाबांचा हात तिथं पोचत नाही, माझाही नाही. म्हणजे स्टुलावर चढले. एकोणऐंशीव्या वर्षी, एका डोळ्यानं! चांगलीच झाडली त्यांना. उलट उत्तर नाही, काही नाही, मान खाली घालून ऐकून घेतलं. इतके गरीब ते कधीपासून झाले कळेना. काटा मी खालच्या खिळ्याला लावला.

नवीन बारा बाण दिले. दरवर्षी देतात. हातात घेतले तर गेल्या वर्षीपेक्षाही हलके. म्हणाले, "लाकूड छान वाळलंय यंदा."

१२ मार्च, बुधवार

व्यायाम. भिंतीला पाठ, कोपरं मागे, खांदे खाली. दहा वेळा. कंटाळा.

१६ मार्च, रविवार

तीस बाण! दुखलं, पण कमी. फिजिओच्या व्यायामानं गुण आला म्हणायचा. चार दिवसांत? असेल. पोर हुशार आहे, मान्य करायला हवं.

नेम मात्र आणखी वर धरावा लागला.

२५ मार्च, मंगळवार

फोटोचा रिपोर्ट. खांद्याच्या वरच्या बाजूचा स्नायू अर्धवट फाटलाय. ताजा नाही, जुना. दोन-तीन वर्षांचा असावा म्हणाली. "इतकी वर्षं बेचाळीस ओढत होता तुम्ही, या खांद्यानं? तसं असतं तर आतापर्यंत पूर्ण फाटला असता." कौतुक म्हणून घेतलं मी ते.

आता आराम, नाहीतर ऑपरेशन. म्हटलं, सहा एप्रिलनंतर बघू. सहाला काटा आहे, मैदानावरच्या सगळ्या धनुष्यांची वार्षिक मोजणी. काट्याच्या दिवशी मी नसले तर कोण असणार?

६ एप्रिल, रविवार

काटा झाला. क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी आठला मी ताणकाटा खांबाला लावला. माझा स्वतःचा, आदल्या दिवशी शिक्क्याच्या वजनांनी तपासलेला. रीत नेहमीची. दोरी हुकात अडकवायची, धनुष्य मुठीला धरून खाली ओढायचं, पट्टीवरची अठ्ठावीसची खूण आली की मी आकडा मोठ्यानं वाचते. निवृत्त पोस्टमास्तर वहीत लिहितात. अकरा वर्षं आकडे मीच वाचतेय. माझं धनुष्य कधी लावत नाहीत. "ताईंचं काय लावायचं," असं म्हणतात. अकरा वर्षं मी याला विश्वास समजत आले, आणि मनातून सुखावत आले, हेही लिहिते.

सोळा धनुष्यं झाली. लंबूचं तेच जुनं. वाचलं — "अडतीस." अर्धा पौंड आणखी उतरलं. "जवळची रेघ," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि दोरी उतरवायला लागली. चेहऱ्यावर काही नाही.

तेवढ्यात नर्सबाई. जानेवारीत आल्यात, अजून सगळ्यांना नीट ओळखतही नाहीत. "ताईंचं राहिलं ना?"

कुणीच बोललं नाही. पोस्टमास्तरांनी वही मिटली. "त्यांचं घरी लागलेलं असतं," म्हणाले. "बाबा लावतात. चला, चहा आलाय."

चहा आला नव्हता.

मला राग आला. नर्सबाईंचा नाही, त्या गप्प बसण्याचा. मी काय लपवतेय की काय! "लावा की," म्हटलं. "लावा, लावा. नियम सगळ्यांना." पोस्टमास्तर म्हणाले, "ताई, राहू द्या." हे त्यांनी दोनदा म्हटलं. मी माझी दोरी हुकात अडकवली आणि नर्सबाईंना म्हटलं, ओढा.

खूण आली. मी आकडा वाचला. सवयीनं, मोठ्यानं, इतरांचा वाचते तसाच.

"एकतीस."

काटा चुकत असेल असं क्षणभरही वाटलं नाही. तो मीच तपासला होता. पुन्हा ओढायला लावलं. एकतीस.

मी वर पाहिलं. मला वाटलं होतं सगळे माझ्याकडे बघत असतील. कुणी बघत नव्हतं. एकजण बूट बघत होता, एकजण आभाळ. नर्सबाई सोडल्या तर कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं! ते त्या एकतीसपेक्षा वाईट होतं. त्यांनी माझं धनुष्य काट्याला लावलं नाही ते विश्वासानं नाही, दयेनं. बाण कसा उडतो ते सगळ्यांनाच दिसतं. मला सोडून.

पोस्टमास्तरांची वही मिटलेलीच. "लिहा," म्हटलं. लिहीत नव्हते. मीच लिहिलं.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

७ एप्रिल, सोमवार

रजा टाकली. बाबांकडे.

धनुष्य त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, एकतीस. त्यांनी ते जवळ ओढलं. मग पात्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "बरोबर. एकतीसच."

तीन वर्षांचे तीन मार्च. प्रत्येक मार्चमध्ये तेलपाण्याच्या नावाखाली पोटाकडून, म्हणजे पात्यांच्या आतल्या बाजूनं, खरवडलं. बेचाळीसचं अडतीस, अडतीसचं चौतीस, चौतीसचं एकतीस. आणि फरक कळू नये म्हणून बाण दरवर्षी हलके.

"का?"

"तीन वर्षांपूर्वी तू माझ्या इथं आरशासमोर केस बांधत होतीस. मान वाकडी करून. तेव्हाच कळलं."

"मग सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.

"पन्नासचं धनुष्य मी दिलं होतं तुला," म्हणाले. "सोळाव्या वर्षी. लोकांना दाखवायला, की माझी पोर पन्नास ओढते. तेव्हा खांदा मी बिघडवला. म्हटलं, जाता जाता थोडा सांभाळू." इतकं सलग ते क्वचितच बोलतात. माझ्याकडे बघत नव्हते, बघितलं असतं तरी मी त्यांना धूसरच दिसले असते.

मी शाईकडे बोट केलं. "आणि हे? बेचाळीस? मी दिवसभर लोकांची वजनं जप्त करत फिरते, बाबा!"

"ते खोडायला हवं होतं मी," म्हणाले. "नजर नाही पोचत." हसायला आलं असतं, पण आलं नाही.

निघताना एक सुचलं. काट्यावरचे आकडे यांना दिसत नाहीत. तरी बरोबर एकतीस? आणि ओढायला एक, वाचायला एक, दोन माणसं लागतातच. विचारलं, वाचून कोण दाखवायचं?

"बोटांना कळतं," म्हणाले.

बोटांना चार-पाच पौंड कळतात. एक कळत नाही. मी हे काम करते, मला माहीत आहे. पण ते कुणाला तरी शब्द दिल्यासारखे बसून राहिले.

९ एप्रिल, बुधवार

हिशेब असा. गेल्या एप्रिलमध्ये, साडेअडतीस वाचून मी लंबूला खाली उतरवलं त्या सकाळी, माझ्या हातात चौतीसचं धनुष्य होतं. तेही मी सव्वीस इंचच ओढते. म्हणजे एकोणतीस-तीस. ती त्रेचाळीस ओढत होती.

१० एप्रिल, गुरुवार

फिजिओला सांगितलं. "म्हणून वाचला खांदा," म्हणाली. "कुणी केलं हो हे?" म्हटलं, वडिलांनी. ती म्हणाली, माझ्याकडे पाठवा त्यांना, नोकरीला ठेवते.

१३ एप्रिल, रविवार

मैदानावर गेले नाही. घरी बसून बेचाळीसचा आकडा बारीक कानशीनं घासून काढला. शाई लाकडात खोल गेलेली, पूर्ण जात नाही. तिच्या खाली लिहिलं, ३१. माझं अक्षर बाबांसारखं येत नाही.

नवऱ्यानं पाहिलं. काहीतरी बोलणार होता. कंगवा घेऊन आला आणि माझे केस विंचरायला लागला. फार वाईट विंचरतो.

१६ एप्रिल, बुधवार

पोस्टमास्तरांना चिठ्ठी दिली. पुढच्या वर्षीपासून आकडे नर्सबाईंनी वाचावेत. आणि माप प्रत्येकाच्या स्वतःच्या ओढीवर घ्यावं का, हे सर्वांनी बसून ठरवावं. पहिली अर्जदार म्हणून लंबूचं नाव लिहिलं. तिला विचारलेलं नाही. विचारायला तोंड कुठाय!

२० एप्रिल, रविवार

जवळची रेघ. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं उभी राहिले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. बाबांच्या भिंतीवरच्या त्या वरच्या खिळ्याला तिचाच हात पोचतो हे मला तेव्हा दिसलं, त्या आधी नाही. "बाबांना काटा वाचून तू दाखवायचीस?" तिनं आधी बाण सोडला. मग म्हणाली, "तिन्ही वर्षं." म्हणजे गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये माझं चौतीस हिनं वाचलं, आणि एप्रिलमध्ये माझ्या काट्यासमोर गप्प उभी राहिली. आणि यंदाही बाबांकडे गेली, बोलणं बंद असताना. मी दोरी ओढली. "हळू," ती म्हणाली. "खांदा वर चाललाय. खाली घे."